आयबीडीत जिवाणूंचे उपचार: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

आयबीडीचे, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांचे, बरेच रुग्ण जिवाणूंच्या उपचाराकडे उलट्या क्रमाने येतात. आधी प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत सूक्ष्मजीवांची, डबी आणतात. चार दिवस बरं वाटलं की डॉक्टरांची गोळी कमी करतात. आजार उसळला की मग तपासण्या होतात. तोवर कशामुळे बिघडलं आणि कशामुळे सुधारलं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलट आहे आणि त्यात प्रोबायोटिक पाचव्या पायरीवर येतं.

हा लेख अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तरात सूज आणि जखमा), क्रोन्स (पचनमार्गात कुठेही होऊ शकणारी सूज) आणि पाऊचायटिस (मोठं आतडं काढल्यावर बनवलेल्या पिशवीची सूज) यांच्यापुरता आहे. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा वेगळा आजार आहे. त्यात आतड्याला सूज किंवा जखमा नसतात. आयबीएससाठी कुणाला लागू पडलेली कॅप्सूल आयबीडीला लागू पडेल असं धरून चालू नका. नावं सारखी वाटतात म्हणून होणारी ही गफलत फार मोठी आहे.

१. आपला आजार नेमका कोणता, हे कागदावर बघा

"मला आयबीडी आहे" एवढं पुरत नाही. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे अहवाल काढा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: आजाराचं नाव, तो आतड्याच्या कोणत्या भागात आहे आणि आतडं कुठे अरुंद झालंय का.

याचं कारण जिवाणूंच्या वागण्यातच आहे. निरोगी मोठ्या आतड्यात काही जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच इंधनावर चालतात. क्रोन्समध्ये असं ब्युटिरेट बनवणारा फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झाय हा जिवाणू कमी झालेला आढळतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आजार असेल, तर अस्तराला चिकटून पेशीत घुसणारे ई. कोलाय अनेकांत जास्त सापडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसचं चित्र थोडं वेगळं असतं. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी, म्हणजे पाऊच, बनवलेल्यांचं तर पूर्णच वेगळं. त्यामुळे "आतड्यासाठी चांगले जिवाणू" असा एकच उपाय तिघांना लागू होत नाही.

तपासा: अहवालात "स्ट्रिक्चर", म्हणजे आतड्याचा अरुंद झालेला भाग, हा शब्द आहे का? असेल तर सहाव्या पायरीतला तंतुमय आहाराचा भाग तुमच्यासाठी नाही.

२. संसर्ग नाही ना, याची खात्री करा

जुलाब वाढले म्हणजे आयबीडीच उसळला असं नसतं. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल), म्हणजे सी. डिफ, या जिवाणूचा संसर्ग हुबेहूब तशीच लक्षणं देतो आणि आयबीडीच्या रुग्णांना तो इतरांपेक्षा जास्त होतो. अलीकडे अँटिबायोटिक घेतलेलं नसलं तरीही होऊ शकतो. म्हणून लक्षणं वाढली की विष्ठेची सी. डिफसाठी आणि इतर जंतूंसाठी तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. स्टेरॉइड देऊनही कोलायटिस आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर सीएमव्ही या विषाणूचाही शोध घेतात.

संसर्ग असताना प्रोबायोटिक सुरू करून "बघू आठवडाभर" म्हणणं म्हणजे उपचाराला आठवडाभर उशीर.

इशारा: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत ३७.८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, नव्वदच्या वर नाडी किंवा १०.५ पेक्षा कमी हिमोग्लोबिन यांपैकी एकही गोष्ट असेल, तर हा तीव्र कोलायटिस आहे. त्यावर घरी काही करून बघायचं नसतं, रुग्णालयातच जायचं. पोट फुगून कडक होणं, सतत उलट्या, गॅसही न सरणं ही अडथळ्याची लक्षणं आहेत. त्यांनाही हाच नियम.

३. सुरुवातीचं मोजमाप घेऊन ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. आयबीडी आपणहून चढतो आणि आपणहून उतरतो. उतरत असताना तुम्ही काहीही सुरू केलंत तरी श्रेय त्यालाच मिळतं. मोजमाप नसेल तर स्वतःची फसवणूक करणं फार सोपं होतं.

मोजायचं काय? सर्वांत उपयोगी म्हणजे विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात दाह असला की पांढऱ्या पेशींमधून हे प्रथिन विष्ठेत उतरतं. साधारणपणे एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर दाह नसावा असं मानतात, २५०च्या वर असेल तर तो सक्रिय असण्याची शक्यता मोठी. मधल्या आकड्यांवरून लगेच निष्कर्ष काढू नका, तपासणी पुन्हा करा.

नमुना देताना काही गोष्टी पाळा. दर वेळी त्याच प्रयोगशाळेत द्या, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी आणि ओमेप्राझोलसारख्या आम्लनाशकांनीही कॅलप्रोटेक्टिन वाढतं. काय घेतलं होतं ते नमुन्यासोबत लिहून कळवा. आयबीडीत ही वेदनाशामकं तशीही टाळायलाच सांगतात.

यासोबत दोन आठवड्यांची रोजची वही ठेवा: शौच किती वेळा, रक्त दिसलं का, रात्री उठावं लागलं का, पोटदुखी किती. लांबलचक लिहायची गरज नाही, दिवसाला एक ओळ पुरे.

आता तो प्रश्न जो हमखास येतो: घरी किट मागवून आतड्यातल्या सगळ्या जिवाणूंची यादी देणारी चाचणी करावी का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. त्या यादीवरून आयबीडीचं निदान होत नाही, औषध ठरत नाही आणि कोणतं प्रोबायोटिक घ्यावं हेही ठरत नाही. "विविधता कमी आहे" असा शेरा वाचून लोक घाबरतात. गंमत अशी की मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त वैद्यकीय द्रवाहार देतात, तेव्हा जिवाणूंची विविधता आणखी कमी होते आणि तरीही दाह उतरतो. जास्त विविधता म्हणजे बरं आतडं, हे समीकरण इतकं सरळ नाही.

४. चालू औषधांना हात लावू नका

जिवाणूंचा उपचार औषधाच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही. मेसालामिन, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शनं यांतलं काहीही प्रोबायोटिक सुरू केलं म्हणून कमी करायचं नाही. स्टेरॉइड अचानक थांबवणं तर थेट धोक्याचं.

उलट, काही औषधं जिवाणूंवरच अवलंबून असतात. सल्फासालाझिनची गोळी जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू तिचे दोन तुकडे करतात आणि त्यातून काम करणारा भाग सुटा होतो. बाल्सालाझाइडचंही तसंच. म्हणूनच या गोळ्या चालू असताना दुसऱ्या कुणी, समजा दंतवैद्यांनी, अँटिबायोटिक लिहून दिलं, तर ते पोटाच्या डॉक्टरांना कळवा.

तपासा: सध्या चालू असलेली सगळी औषधं आणि डोस एका कागदावर आहेत का? पुढच्या पायरीला हा कागद हातात लागेल.

५. प्रोबायोटिक निवडताना जातीचं नाही, स्ट्रेनचं नाव बघा

"लॅक्टोबॅसिलस आहे ना, मग झालं" हे पुरेसं नाही. एकाच जातीचे दोन स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, पूर्ण वेगळं वागतात. ई. कोलायचंच बघा. एक स्ट्रेन विषबाधा करतो, एक क्रोन्समध्ये अस्तरात घुसतो आणि ई. कोलाय निसल १९१७ हा स्ट्रेन कोलायटिसमध्ये औषध म्हणून वापरला जातो.

आता आजारानुसार बघू.

अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असेल आणि तो शांत ठेवायचा असेल, तर सर्वांत ठोस पुरावा निसल १९१७चा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ३२७ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभर एका गटाला निसल आणि दुसऱ्याला मेसालामिन दिलं गेलं. आजार परतण्यात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. ज्यांना मेसालामिन सोसत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर याचा विचार करू शकतात. ते सगळ्या देशांत मिळत नाही. मिळत नसेल तर "त्याच्यासारखं" दुसरं ई. कोलाय शोधत बसू नका.

सौम्य ते मध्यम कोलायटिस सक्रिय असेल, तर आठ स्ट्रेनचं एक विशिष्ट मिश्रण चालू औषधाच्या जोडीला देऊन अभ्यास झाले आहेत. काहींत फायदा दिसला. पण तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत एकमत नाही. युरोपातली क्लिनिकल पोषणाची संस्था एस्पेन म्हणते की विचार करायला हरकत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये सांगितलं की कोलायटिस आणि क्रोन्समध्ये प्रोबायोटिक संशोधनाच्या चौकटीतच द्यावं. तुमचे डॉक्टर "नको" म्हणाले तर ते जुन्या वळणाचे आहेत असं समजू नका.

पाऊचायटिसमध्ये मात्र याच आठ स्ट्रेनच्या मिश्रणाची बाजू बळकट आहे. अँटिबायोटिकने पाऊच शांत झाल्यावर ते परत बिघडू नये म्हणून हे देतात. २०००च्या एका छोट्या अभ्यासात नऊ महिन्यांत मिश्रण घेणाऱ्या २० जणांपैकी तिघांना आजार परतला. नकली पुडी घेणाऱ्या २० जणांना तो सगळ्यांनाच परतला. अभ्यास लहान आहे हे खरं, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे.

क्रोन्समध्ये प्रोबायोटिकवर खर्च करू नका असंच मी सांगेन. शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून लॅक्टोबॅसिलस जीजी देऊन पाहिलं गेलं, उपयोग झाला नाही. क्रोन्समध्ये जिवाणूंचं वातावरण बदलायचं असेल तर आहाराची वाट जास्त खरी आहे.

*डबी वाचताना*

स्ट्रेनचं पूर्ण नाव, म्हणजे जातीनंतरची अक्षरं किंवा आकडे, छापलेलं हवं. जिवंत जिवाणूंची संख्या सीएफयूमध्ये दिलेली असते. ती "तयार करताना" इतकी होती की "मुदत संपेपर्यंत" इतकी राहील, हे बघा. दुसरा दावाच कामाचा. आठ स्ट्रेनच्या मिश्रणावरचे अभ्यास पाऊचायटिससाठी दिवसाला १,८०० अब्ज आणि कोलायटिससाठी ३,६०० अब्ज किंवा त्याहून जास्त सीएफयू देऊन झाले. दुकानातल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये बहुधा पाच-दहा अब्ज असतात. अभ्यासाचं नाव सांगून विकलेली कमी डोसची कॅप्सूल हा शुद्ध भपका आहे.

आणखी एक खाचखळगा: या मिश्रणावरचे जुने अभ्यास ज्या व्यापारी नावाने छापले गेले, त्या नावाखाली २०१६पासून काही देशांत वेगळं मिश्रण विकलं जाऊ लागलं. मूळ मिश्रण ते तयार करणारे संशोधक डी सिमोन यांच्या नावाने ओळखलं जातं. ब्रँड लक्षात ठेवण्यापेक्षा ते नाव लक्षात ठेवा.

इशारा: शिरेत कायमची नळी असेल, पांढऱ्या पेशी फार कमी असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मोठ्या डोसने चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता कोणतंही जिवंत प्रोबायोटिक घेऊ नका. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे. अशा रुग्णांत ते रक्तात शिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

*सुरू कसं करायचं*

एका वेळी एकच बदल. प्रोबायोटिक, नवा आहार आणि नवं पूरक एकाच आठवड्यात सुरू केलं तर तिसऱ्या पायरीतली वही निरुपयोगी होते. कमी डोसने सुरू करून आठवडा-दहा दिवसांत पूर्ण डोसवर या. पहिले काही दिवस गॅस आणि फुगणं होतं, ते बहुतेकदा ओसरतं. पूड गरम पेयात मिसळू नका. थंडाव्यात ठेवायचं उत्पादन असेल तर प्रवासातही थंडच ठेवा. रक्त वाढलं, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर "जिवाणू रुळताहेत" अशी स्वतःची समजूत घालू नका. थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

६. आहार: आधी शांत, मग तंतू

ब्युटिरेट तंतूंपासून बनतं, म्हणून उत्साहाने भरपूर सालीसकट, बियांसकट खायला सुरुवात करणं ही दुसऱ्या टोकाची चूक. आजार उसळलेला असताना आणि स्ट्रिक्चर असताना ते त्रासाचं आणि प्रसंगी धोक्याचं ठरतं. वेगळे काढलेले आंबणारे तंतूही सक्रिय आजारात उलटू शकतात. क्रोन्सच्या रुग्णांना रोज १५ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड दिलेल्या अभ्यासात फायदा तर झाला नाहीच, वर ते घेणाऱ्यांपैकी जास्त जणांनी त्रासामुळे अभ्यास सोडला.

क्रम असा ठेवा. आजार सक्रिय असताना पचायला हलकं, मऊ शिजवलेलं आणि पुरेशी प्रथिनं. कॅलप्रोटेक्टिन उतरल्यावर, स्ट्रिक्चर नसेल तर, विरघळणारे तंतू थोडे थोडे वाढवा. इसबगोल यात चांगलं बसतं. शांत असलेल्या कोलायटिसमध्ये ते मेसालामिनइतकं टिकल्याचं १९९९च्या एका अभ्यासात दिसलं होतं, तिथे डोस दिवसातून दोनदा १० ग्रॅम होता. तुम्ही चमचाभरापासून आणि भरपूर पाण्यासोबत सुरुवात करा.

मुलांच्या क्रोन्समध्ये वर सांगितलेला वैद्यकीय द्रवाहार हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा. घरी पातळ पदार्थांवर राहणं म्हणजे तो उपचार नव्हे, ती उपासमार होईल.

७. अँटिबायोटिक आणि विष्ठारोपण: स्वतःहून कधीच नाही

पाऊचायटिसमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल साधारण दोन आठवडे देतात. क्रोन्समध्ये गळू किंवा भगंदर असेल तेव्हा अँटिबायोटिक लागतं. साध्या कोलायटिसमध्ये ते नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. मागच्या वेळची उरलेली पट्टी काढून घेणं टाळा, सी. डिफला त्यातून आमंत्रण मिळतं. मेट्रोनिडाझोल लांबलं आणि हातापायांची बोटं बधिर वाटायला लागली, तर त्याच दिवशी कळवा.

अँटिबायोटिकनंतर "भरपाई" म्हणून कोणतंही प्रोबायोटिक घ्यावं हा सल्ला सर्रास मिळतो. २०१८मध्ये निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं: प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळ जिवाणू पूर्वपदावर यायला जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी खास कारणासाठी दिलं असेल तर अँटिबायोटिक आणि जिवाणूंची कॅप्सूल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

विष्ठारोपणाबद्दल, म्हणजे निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याबद्दल, इंटरनेटवर फार उत्साह आहे. वारंवार होणाऱ्या सी. डिफमध्ये तो उत्साह योग्य आहे. आयबीडीत चित्र अर्धवट आहे. २०१७च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात कोलायटिसच्या रुग्णांना आधी कोलोनोस्कोपीतून, मग आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस एनिमाने रोपण केलं. २७ टक्के रुग्णांत अपेक्षित परिणाम मिळाला, नकली रोपण घेतलेल्यांत ८ टक्के. म्हणजे काहींना उपयोग होतो, बहुतेकांना नाही आणि एकदाच करून तर फारच थोड्यांना होईल. अमेरिकेत २०२२ आणि २०२३मध्ये मान्यता मिळालेली विष्ठाजन्य औषधं सी. डिफ परतू नये यासाठी आहेत, आयबीडीसाठी नाहीत. तुम्हाला हा उपचार घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत चाचणीत सहभागी व्हा.

इशारा: नातेवाइकाची विष्ठा घेऊन घरी एनिमा करणं हा प्रयोग करू नका. दाता निरोगी दिसणं पुरत नाही. २०१९मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन रुग्णांची माहिती जाहीर केली होती. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या या दोघांना दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय लागला आणि त्यातला एक जण दगावला. त्या विष्ठेची त्या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती.

८. आठ ते बारा आठवड्यांनी हिशेब करा

त्याआधी निकाल लावू नका, त्यानंतर लांबवूही नका. तीच प्रयोगशाळा, तोच प्रकारचा नमुना, पुन्हा कॅलप्रोटेक्टिन. शेवटच्या दोन आठवड्यांची वही सुरुवातीच्या वहीशेजारी ठेवा.

दोन्ही सुधारलं असेल तर चालू ठेवायचं की नाही आणि किती काळ, हे डॉक्टरांसोबत ठरवा. औषध कमी करण्याचा प्रश्न इथेही वेगळाच ठेवा, बऱ्याचदा त्यासाठी कोलोनोस्कोपीने अस्तर भरून आलंय का ते बघावं लागतं.

लक्षणं सुधारली पण कॅलप्रोटेक्टिन तसंच वर आहे, ही सगळ्यात फसवी स्थिती. पोटाला बरं वाटतंय, दाह चालूच आहे. इथे उपचार वाढवायची गरज असू शकते, म्हणून भेट पुढे ढकलू नका.

कॅलप्रोटेक्टिन चांगलं उतरलं पण गॅस, मुरडा, घाईची शौच राहिली, तर दाहाऐवजी आयबीएससारखा त्रास सोबत असू शकतो. त्याचे उपाय वेगळे असतात.

काहीच बदललं नसेल तर प्रोबायोटिक थांबवा. लगेच दुसरा ब्रँड सुरू करू नका. थांबवल्याची तारीख वहीत लिहा आणि पुढच्या भेटीला वही, दोन्ही अहवाल, औषधांचा कागद आणि डबीच्या मागच्या बाजूचा फोटो घेऊन जा. स्ट्रेनचं नाव आणि सीएफयू त्या बाजूलाच छापलेलं असतं.